पडलेले कान

भूमच्या अलीकडं, माळाला लागून आमची खव्याची भट्टी.
पहाटे चारला मी चुलीत तुराट्या सारतो
तेव्हा भुरक्या उंबऱ्याच्या बाहेर बसलेला असतो,
बरोबर तीन हातांवर.
ही रेघ कुणी आखून दिली नाही.
त्याच्या आईनं पाळली, तिच्या आईनंही.

कढईत उलथनं खरखरलं
की त्याचा उजवा कान उठतो.
डावा नाही उठत. डावा जन्मापासून पडलेला,
दोरीवर वाळत घातलेल्या पायमोज्यासारखा.

मंजुळा बीडला शिकते. दिवाळीत आली,
तो कान बोटांत धरून म्हणाली,
"दादा, हे काम आपलं आहे.
लांडग्याचे कान असे लोंबत नाहीत.
जे कमी भ्याले ते उकिरड्यापाशी थांबले,
थांबले त्यांची पिल्लं झाली,
पिल्लांत जे आणखी कमी भ्याले ते ओसरीपर्यंत आले.
असं करत करत थोबाड आखडलं,
शेपूट वळली, कान खाली आले."
"म्हंजी, भ्यायचं सोडलं की कान पडतात?"
"तसंच कायतरी," म्हणाली, आणि मोबाईलमध्ये गेली.

तेव्हापासून एकच घोर:
मी ह्याला दिसतो तरी कसा?

म्हशीचं मला ठाऊक आहे.
तिच्या लेखी मी दोन हात आणि एक बादली,
वर तोंड असेल-नसेल.
औंदा रेडकू गेलं
तर त्याच्या कातड्यात भुसा भरून तिच्यापुढं ठेवलं.
तिनं चाटलं. पान्हा सोडला.
तिला कळलं नव्हतं,
असं मला अजून वाटत नाही.

मांजर मला तिच्या घरातलं कूळ समजते.
भाडं दुधात.

पण भुरक्या बघतो.
पंचायतीला मी तीन मतांनी पडलो, त्या सांजंला
अख्ख्या गल्लीला माझ्यात पडलेला उमेदवार दिसला,
ह्याला नेहमीचाच खव्याचा हात.
कदाचित त्याला वाटत असेल,
हे एक उंच कुत्रं आहे, नाकानं अधू,
बिचाऱ्याला शेपूटही नाही,
पण कढई कुठं असते ते ह्याला माहीत आहे.

मार्गशीर्षातली गोष्ट. लघवीला उठलो.
कुसळीच्या गवतात, विजेच्या खांबाखाली
लांडगा उभा.
दोन्ही कान ताठ.
भुरक्या भुंकला नाही.
एक पाय उचललेला, तसाच.
मधी पन्नास पावलं पडीक रान.
लांडग्यानं त्याचा वास घेतला, बराच वेळ,
मग माझा,
आणि नाक फिरवलं.

भुरक्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.
जाऊ का, विचारत होता?
का, येतोस का?
मी म्हणालो, "हाड!"
कुणाला म्हणालो, देवाला ठाऊक.
दोघंही एक पाऊल मागं सरले.

मग झोप कुठली.
आमच्या पणज्याला म्हणे भुईला कान लावला
की तीन शेतांपल्याडचं जनावर कळायचं.
मी उशीवरनं डोकं काढून फरशीला कान लावला.
फ्रीजची घरघर आली. बाकी काही नाही.
कधीतरी कुत्रं दाराशी आलं,
ते जागलं, आणि आम्ही झोपलो,
बापानं झोपायचं, लेकानं झोपायचं,
असं झोपतच आलो.
अंधारात मी मपला कान चाचपला.
मऊ लागला.

चारला कढई चढवली.
पहिली खरवड
रेघेच्या आत, उंबऱ्यावर ठेवली.
"ये," म्हणालो.
भुरक्या आला नाही.
तीन हातांवरच बसून राहिला,
खरवडीकडं न बघता माझ्याकडं बघत,
ह्याला आज काय झालंय
ते कळंपर्यंत.